कोपऱ्यातलं नाव

बेसा रोडवर भैय्याजी गजभियेंनी ऑटो एकदम थांबवायला लावला, तेव्हा त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, वाटलं, यांना उलटी होऊन राहिली. पुतणीने बेशात फ्लॅट घेतला होता, तिथल्या बुद्धवंदनेला दोघं निघाली होती. भैय्याजी खाली उतरले आणि रस्ता ओलांडून समोरच्या एका नव्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. दुकानाचं नाव होतं 'मध्यंतर'. चहा आणि तर्री पोहे. पत्र्याची मोठी पाटी, पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, अक्षरांना डावीकडे काळी सावली. आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भैय्या आर्ट, इंदोरा'.

भैय्याजींनी या भागात आयुष्यात कधी ब्रश उचलला नव्हता. त्यांनी जवळ जाऊन 'र'वर बोट फिरवलं. शेपूट वर वळवलेला तो 'र' त्यांचाच होता. रंग ताजा होता. वासही येत होता. म्हणजे कोणी फोटो काढून मशीनवर छापलेलं हे काम नव्हतं. ब्रशचे केस कुठे उचलले, कुठे टेकवले, ते उन्हात दिसत होतं.

"काय पाहिजे, काका?" दुकानातून एक तरुण बाहेर आला. विहंग त्याचं नाव. बँकेतली नोकरी सोडून त्याने हे दुकान टाकलं होतं, हे भैय्याजींना पुढे कळलं.

"ही पाटी कोणी काढली?"

"भैय्याजींनी. स्वतः आले होते. जुन्या जमान्यातले पिक्चरचे पेंटर आहेत, नागपुरात आता तेवढेच उरले आहेत."

"भैय्याजी मी आहो."

विहंगने त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं. लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट, निळं उपरणं, हातावर रंगाचा ठिपकाही नाही. "काका, ते वेगळे आहेत. त्यांची मिशी आहे. मी त्यांच्याशी बोललोय, दोन दिवस इथेच होते. तुम्हाला काम हवं असेल तर सरळ सांगा, असं दुसऱ्याच्या नावावर कशाला?"

खिशातून आधार कार्ड काढायला भैय्याजींचा हात गेला आणि तसाच थांबला. आपल्याच नावासाठी या पोराला कार्ड दाखवायचं? ते मागे वळले. ऑटोत बसल्यावर प्रेमिलाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कोणी तरी घरातलंच आहे."

"काय घरातलं?"

त्यांनी ऑटोवाल्याला चालायला सांगितलं. बुद्धवंदनेत त्यांचे हात जोडलेले होते, पण ओठ हलत नव्हते.

भैय्याजींना ओळखणाऱ्या कोणालाही या संशयाचं नवल वाटलं नसतं. छप्पनच्या दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेला हा माणूस पुढे इंदोऱ्याच्या शाळेच्या भिंतींवर कोळशाने नट-नट्यांची तोंडं काढत मोठा झाला. मिसरूड फुटायच्या आधी गांधीबागेकडच्या एका टॉकीजच्या मागच्या अंगणात कामाला लागला. तिथे मांजरपाटाचं कापड लाकडी चौकटीवर ताणायचं, खडू-सरसाचा हात द्यायचा, फोटोवर चौकोन आखून तेच चौकोन कापडावर मोठे करायचे आणि शुक्रवारच्या आत नवा पिक्चर टॉकीजच्या कपाळावर चढवायचा. पिक्चर उतरला की तेच कापड पांढरं करून त्यावर पुढचा. त्यामुळे एवढं काम करूनही दाखवायला एक चित्र उरलं नव्हतं. उरला होता तो लोकांच्या आठवणीतला भैय्या पेंटर. त्या काळी सिनेमा कसा असेल हे गावाकडून आलेली माणसं त्याच्या बॅनरवरून ठरवत.

हुशार होता, मेहनती होता, पण संशयी. चेहऱ्याचा गुलाबी रंग घोळताना तो सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. डब्यांवर मुद्दाम चुकीची नावं लिहायचा, गुलाबीवर 'काळा', काळ्यावर 'हिरवा'. अळशीच्या तेलाच्या बाटलीवर खिळ्याने रेघ मारून ठेवायचा, कोणी ओतून घेतलं तर कळावं म्हणून. अंगणात त्याच्या बरोबरीचा एकच पेंटर होता, धोंडबा, कुहीकडचा. चेहरे धोंडबा काढायचा, रंगाचा शेवटचा हात आणि अक्षरं भैय्याची. दोघं एका डब्यात जेवत. मग एकदा शेजारच्या टॉकीजवर बॅनर चढलं आणि भैय्याला त्यातल्या नटीच्या गालावर आपला गुलाबी दिसला. त्याने त्याच दिवशी धोंडबाशी बोलणं सोडलं. का ते सांगितलंही नाही. काही महिन्यांनी धोंडबा धानाच्या शेतीकडे कुहीला निघून गेला. पुढे फ्लेक्स आले, अंगण गेलं, टॉकीजच्या जागी गाळे आले. भैय्याचा भैय्याजी झाला आणि गाड्यांचे नंबर, दुकानांची शटरं, दीक्षाभूमीला येणाऱ्यांसाठी चौकात उभारायच्या कमानी रंगवत म्हातारा झाला.

त्या दिवशी बेशाहून परतल्यावर भैय्याजींनी संशयाने घर चाळायला घेतलं. त्यांच्या नजरेसमोर एकच नाव होतं, सून मेघा.

मुलाची, अंकुशची, ही बायको मोबाइल दुरुस्तीचं दुकान सांभाळायची, चटपटीत होती. मागच्या वर्षी तिने सासऱ्यांनी रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले होते. कमाल चौकातलं केशकर्तनालय, जरीपटक्यातली पिठाची गिरणी, कामठी रोडवरचं सायकलचं दुकान. ते तिने इंटरनेटवर टाकले आणि लोक वेडे झाले. फोन यायला लागले. भैय्याजींनी प्रत्येक फोनला नाही म्हटलं. "हे लोक व्हिडिओ काढतात, अन् तो पाहून दुसऱ्याकडून काम करून घेतात," असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मेघा, किती लोकांले माझं नाव वाटून दिलं तू?"

"म्हणजे, बाबा?"

"बेशात माझ्या नावाची पाटी लागली आहे. मी नाही काढली. माझी अक्षरं तुझ्या मोबाइलमध्ये आहेत. कोणाले दिली?"

मेघाचा घास हातातच राहिला. "मी कोणाले काहून देईन? फोन येत तं तुम्हालेच सांगत होती ना मी? तुम्हीच नाही म्हणत होते."

"म्हणून तू दुसरा माणूस धरला."

"अंकुशचे बाबा!" प्रेमिलाबाईंचा आवाज चढला. "पोरीले काय बोलून राहिले?"

मेघा उठून आत गेली. तिने रडणं ऐकू येऊ दिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती सासऱ्यांशी गरजेपुरतंच बोलू लागली. भैय्याजींना त्याचाही संशय आला. खोटं नसतं तर भांडली असती, असं ते मनाशी म्हणाले.

पुढच्या दिवसांत ते एकटेच सिटी बसने फिरू लागले. मनीषनगरात एका शिलाईच्या दुकानावर त्यांना तीच पाटी सापडली. पलीकडे एका रसवंतीवर अजून एक. प्रत्येक ठिकाणी त्यांचा 'र', त्यांची सावली, कोपऱ्यात त्यांचं नाव. शिलाईवाल्याला त्यांनी आडून विचारलं, पेंटर कसा होता? तोही म्हणाला, मिशीवाला, म्हातारा, शांत. कोणाच्या दुकानात शिरताना आता भैय्याजींना आपणच चोर असल्यासारखं वाटायचं. एकदा तर आरशासमोर उभं राहून त्यांनी ओठांवर बोट आडवं धरून पाहिलं, मिशी असती तर आपण कसे दिसलो असतो ते.

वस्तीतल्या लोकांकडेही ते वेगळ्या नजरेने पाहू लागले. समोरून कोणी "जयभीम, भैय्याजी" म्हटलं की जयभीम घालायचे, पण हा हसला काहून, याचा विचार घरी येईपर्यंत करायचे.

एका दुपारी मेघा त्यांच्या खाटेजवळ आली आणि मोबाइल पुढे धरला.

"पाहा. तुम्हाले वाटते ना मी दिलं म्हणून? त्या बेशाच्या दुकानवाल्यानं आतल्या भिंतीचा फोटो टाकला आहे. तुम्ही आत गेले होते का?"

"त्यानं बाहेरूनच हाकललं."

"मग हे पाहा, अन् सांगा हेही माझंच काम आहे म्हणून."

भैय्याजींनी चष्मा पुसला. भिंतभर एका नटीचा चेहरा होता, जुन्या बॅनरसारखा. मान वळवलेली, डोळ्यांत पाणी थांबलेलं, केस वाऱ्यावर. हनुवटीखालच्या सावलीत हिरवा रंग होता. काळा नाही, तपकिरी नाही, हिरवट, शेवाळासारखा, आणि लांबून पाहिलं की तोच हिरवा गालाला जिवंत करत होता.

त्यांनी मोबाइल मेघाच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मेघा, कुहीची बस कुठून सुटते आता?"

"काहून?"

"अक्षरं कोणीही उतरवते, बेटा. पण हनुवटीखाली हिरवा टाकायची हिंमत एकाच माणसात होती."

'बेटा' हा शब्द ऐकून मेघाने मान वळवली. माफी तर त्यांनी मागितली नव्हतीच. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्याबरोबर बसमध्ये होती. "एकटे जाऊन मारामारी कराल," एवढंच तिने कारण सांगितलं.

कुहीच्या पुढे एका गावात धोंडबाचं घर रस्त्यालाच होतं. धान कापून झालं होतं, अंगणात पेंढ्या रचलेल्या होत्या. गोठ्याच्या सावलीत एक पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्याच्यासमोर एक म्हातारा उकिडवा बसून रंगवत होता. भैय्याजी त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. 'र'ची शेपूट वर वळत होती.

"उजेड अडवू नको गा," धोंडबा न वळता म्हणाला.

"उजेड तुले भरपूर झाला."

ब्रश थांबला. धोंडबाने वळून पाहिलं. मिशी पांढरी झाली होती, दात कमी झाले होते. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात धोतराला पुसले.

"आलास?"

"माझं नाव लिहून पाट्या विकून राहिला तू. लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पहिल्या पाटीले वाटली." धोंडबा उठला. "इतवारीत रंगाच्या दुकानात होतो. इथल्या शाळेची भिंत रंगवाची होती, तं डबे घ्याले गेलो होतो. तो बेशाचा पोरगा आला, विचारते, भैय्या आर्टवाले कुठं भेटतील? फोनवर त्याले नाही म्हटलं होतं म्हणे. मी म्हटलं, मीच."

"काहून म्हटलं?"

"धोंडबा पेंटर म्हटलं असतं तं त्यानं विचारलं असतं, कोण धोंडबा?" त्याचा आवाज शांतच होता. "तूच सांग, कोणाले ठाऊक आहे? कापडभर चेहरे माझे. कोपऱ्यात नाव तुझं. आयुष्यभर."

"अक्षरं शेवटी असत. ती माझी. म्हणून सही मी करायचो."

"मले विचारलं का कधी?"

घरातून धोंडबाची बायको सुमती पाण्याचे तांबे घेऊन आली, पाहुण्यांचे चेहरे पाहून तांबे ओट्यावर ठेवून तशीच परत गेली. मेघाने सासऱ्यांच्या हाताला धरून त्यांना ओट्यावर बसवलं.

"अन् तू माझा रंग विकला," भैय्याजी अखेर म्हणाले. "शेजारच्या टॉकीजले."

धोंडबा त्यांच्याकडे बघतच राहिला. "म्हणून बोलणं सोडलं होतं तू? एवढ्या वर्षांनी आज सांगून राहिला?"

"मग कोणी विकला?"

"रंग घोळताना मले तुझी पाठ दिसत होती बे, रंग नाही! काय विकणार होतो मी, तुझी पाठ?" धोंडबा ओट्यावर दुसऱ्या टोकाला बसला. "त्या टॉकीजवाल्यानं आपलं उतरलेलं कापड घेतलं होतं. मॅनेजरनं परस्पर दिलं. तिथल्या पेंटरनं अक्षरं पुसली, चेहरा तसाच ठेवला, टिकली अन् केस बदलले. तू पाहिला तो रंग तुझाच होता, अन् खालचा चेहरा माझा. मी खालून पाहूनच ओळखला होता."

"मग मले सांगतलं काहून नाही?"

"तू बोलत होता का माझ्याशी?"

भैय्याजींनी तांब्यातलं पाणी प्यायलं. ते कापड केव्हाच कुजून गेलं असणार, तो मॅनेजर जिवंत होता की नाही ठाऊक नव्हतं. धोंडबा खरं बोलत असेल किंवा आत्ताच जुळवून सांगत असेल. त्यांनी त्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं, पण जुने पेंटर असूनही त्या चेहऱ्यावरून त्यांना काही ठरवता आलं नाही.

"नाव पुसून टाक," ते उठत म्हणाले. "सगळ्या पाट्यांवरून."

"तूच चाल. तुझ्यासमोर पुसतो. नाही तं म्हणशील, पुसलंच नाही."

ठरलेल्या सकाळी धोंडबा पहिल्या बसने नागपूरला आला. दोघं म्हातारे आणि मेघा 'मध्यंतर'मध्ये शिरले, तेव्हा विहंग गल्ल्यावर होता. मिशीवाल्या भैय्याजींना पाहून तो हसला, आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्याला पाहून त्याचं हसू गेलं.

"हे काका मागे एकदा येऊन म्हणत होते की मीच भैय्याजी."

"तो खरं बोलून राहिला होता," धोंडबा म्हणाला. "मी धोंडबा."

विहंगने मेघाकडे पाहिलं. "ताई, हे नक्की काय चाललंय? मी लोकांना काय सांगू? एक खोटं बोलला, तर दुसरा खरा आहे हे कशावरून?"

मेघाने मोबाइल काढून सासरे जुन्या पाट्यांसमोर उभे असल्याचे, तिने इंटरनेटवर न टाकलेले फोटो दाखवले. विहंगने ते मोठे करकरून पाहिले, तरी त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. शेवटी तो म्हणाला, "काय करायचं ते करा, पण चित्र खराब व्हायला नको."

आतल्या भिंतीवरच्या नटीच्या चेहऱ्याखालीही कोपऱ्यात 'भैय्या आर्ट' होतं. भैय्याजी प्रथमच तो चेहरा समोरून पाहत होते. मोबाइलमध्ये दिसला त्याहून तो मोठा आणि हळवा होता. त्यांनी पिशवीतून टर्पेंटाइनचं फडकं काढलं. धोंडबाने हात पुढे केला, पण भैय्याजींनी फडकं दिलं नाही. आपलं नाव त्यांनी स्वतःच पुसलं. मग भिंतीचाच रंग घोळून तिथे हात दिला, आणि वाळेपर्यंत दोघं चहा पीत बसले.

वाळल्यावर भैय्याजींनी ब्रश घेतला. हात आता पूर्वीसारखा स्थिर राहत नसे. ते मनगटाखाली दुसरा हात टेकवून लिहू लागले. मेघाला वाटलं, ते पुन्हा आपलंच नाव लिहितील. त्यांनी लिहिलं, 'चेहरा : धोंडबा, कुही'. 'र'ची शेपूट जरा थरथरली.

धोंडबाने पुढे वाकून ते वाचलं. मग त्याने डोळे बारीक केले. "काहून लिहिलं? उद्या कोणी तक्रार केली तं पोलीस सरळ माझ्या दारात यावे म्हणून?"

मेघाला हसू फुटलं. भैय्याजींना नाही. ते तडकले, "मग पुसतो!"

"राहू दे," धोंडबा घाईने म्हणाला आणि भिंतीपुढे आडवा आला. "राहू दे म्हटलं ना."

बाहेरच्या पाटीवरून मात्र भांडण झालं, भर रस्त्यात, पोहे खायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर. भैय्याजींचं म्हणणं, अक्षरं माझी आहेत. धोंडबाचं म्हणणं, वळण तुझं असेल, पण हात माझा लागला, ऊन मी खाल्लं. विहंगने सुचवलं, दोघांची नावं टाका. ते दोघांनाही मान्य झालं नाही. शेवटी मेघानेच फडकं घेऊन कोपरा पुसून टाकला. त्या पाटीवर आजही कोणाचंच नाव नाही. शिलाईवाल्याच्या आणि रसवंतीच्या पाट्यांवरचंही त्यांनी त्याच दिवशी पुसलं.

घरी आल्यावर भैय्याजी मेघाला म्हणाले, "तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"हो, घेतला," ती म्हणाली. गोड वाटावं म्हणून तिने त्यात काही मिसळलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पुढचा फोन आला तं काय सांगू?"

"आधी विचार, चेहरा पाहिजे का अक्षरं."

"अन् दोन्ही पाहिजे म्हटलं तं?"

भैय्याजींनी खूप विचार केला. "तं कुहीले फोन लाव," ते म्हणाले. "पण बोलणं मले ऐकू येईल असं लाव."

पुढच्या दसऱ्याच्या आधी इंदोऱ्याच्या चौकातली कमान त्या दोघांनी मिळून रंगवली. बाबासाहेबांचा चेहरा धोंडबाने काढला, आणि हनुवटीखाली हिरवा टाकू का म्हणून या वेळी त्याने आधी विचारलं. भैय्याजी शिडीखाली उभे राहून कितीतरी वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत होते. प्रेमिलाबाई दोघांसाठी डबा घेऊन आल्या, तेव्हा भैय्याजींनी मान हलवली आणि म्हणाले, "टाक. पण थोडाच."